पोर्शे, फियाट आणि स्वयंपाकघरातली चिमणी

माझ्या भाच्याकडे अमेरिकेत एक पोर्शे आहे. 'पोर्शे' म्हटलं की आमच्या बोनकोड्यातल्या सोसायटीत लोकांचे डोळे मोठे होतात, म्हणून आधीच सांगून टाकते. गाडी २००१ सालची आहे, भाचा तिचा चौथा मालक आहे, आणि त्याने ती घेतली तेव्हा तिथल्या एखाद्या साध्या नव्या गाडीच्या निम्म्या किमतीतही बसली होती. नाव बॉक्सस्टर. दोनच माणसांची, कापडी छप्पर मागे सारता येणारी, लाल. पुढे एक डिकी, मागे एक डिकी, आणि इंजिन कुठे आहे ते काही दिसत नाही! ते असतं सीटांच्या पाठीमागे, मधोमध दडवलेलं. सहा सिलिंडर, तीन इकडे आणि तीन तिकडे, आडवे झोपवलेले. त्यातले दट्टे (पिस्टनला आम्ही शाळेत दट्ट्याच म्हणायचो) मुष्टियोद्ध्याच्या हातांसारखे समोरासमोर ये-जा करतात म्हणून हे 'बॉक्सर' इंजिन. बॉक्सर आणि रोडस्टर मिळून बॉक्सस्टर. व्याकरणाच्या तासाला संधीचं उदाहरण म्हणून चाललं असतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत एका सकाळी भाच्याने ही गाडी सुरू केली आणि न्यू जर्सीतली त्याची अख्खी गल्ली पांढऱ्या धुराने भरून गेली. म्हणजे अक्षरशः भरली, मी व्हिडिओ पाहिला आहे. शेजारच्या बाई घराबाहेर आल्या, त्यांना वाटलं आग लागली. झोपवलेल्या सिलिंडरांच्या या इंजिनांत रात्रभरात थोडं तेल पाझरून साठतं आणि सकाळी एखादा धुराचा लोट येतो, तेवढं चालतं असं भाचा म्हणतो. हा लोट मात्र थांबेचना. गाडी एका वर्कशॉपमध्ये गेली. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि सांगितलं की इंजिन आतून झिजलंय, दुसरं इंजिन बसवावं लागेल. खर्च गाडीच्या किमतीहून जास्त.

लगेच ताईचा मला फोन. ताई माझी थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली, मुलाकडेच असते. "तू सांग त्याला. तुझं ऐकतो तो. म्हणावं, भंगारात दे आणि माणसासारखी गाडी घे."

मला ते सांगवेना. त्याचं कारण भावोजी.

भावोजींनी आयुष्यभर कुर्ल्याला टॅक्सीच्या इंजिनांची कामं केली. सी.एस.टी. रोडजवळ पत्र्याचं छप्पर, खाली तेलाने काळी झालेली जमीन, आणि समोर उभ्या काळ्यापिवळ्या फियाट. ती गाडी त्याच कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून बनायची, १९७४ पासून तिला 'पद्मिनी' म्हणायला लागले. पण टॅक्सीवाल्यांच्या आणि भावोजींच्या तोंडी शेवटपर्यंत ती फियाटच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. भावोजी त्याच्या आधीच गेले होते. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी भाच्याने ही लाल गाडी घेतली. तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाठीवर झोपून काढली आणि स्वतःची गाडी कधी घेतली नाही, त्याचा हा मुलगा. भंगारात दे हे मी कुठल्या तोंडाने सांगणार?

शिवाय मला भावोजींची एक सवय आठवत होती. टॅक्सीवाला धूर काढत आला आणि रडवेला होऊन म्हणाला, "इंजिन गेलं काय हो?" तरी भावोजी लगेच पान्याला हात घालत नसत. गाडी चालू ठेवायची, स्लोमध्ये. बॉनेट उघडायचं. इंजिनच्या डोक्यावर तेल ओतायचं झाकण असतं ते काढायचं आणि त्या भोकावर पालथा तळहात धरायचा. दहा-पंधरा सेकंद. तेवढ्यावर ते ठरवायचे.

हा तळहात काय सांगतो ते मला त्यांनीच एकदा समजावलं होतं. दट्ट्या आणि सिलिंडरची भिंत यांच्यात फट राहू नये म्हणून दट्ट्याला रिंगा घातलेल्या असतात. तरी इंजिन कितीही नवं असलं तरी पेट्रोल पेटल्यावर त्या धडाक्यातला थोडासा वायू रिंगांच्या कडेने खाली निसटतोच. खाली तेलाचं चेंबर असतं. रिंगा झिजल्या की हा निसटणारा वायू वाढतो, चेंबरमध्ये दाब वाढतो आणि झाकण उघडलं की भकाभका धुराचा वारा हाताला लागतो. गॅरेजच्या भाषेत याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. फारच झालं तर तेल मोजायची पट्टीसुद्धा आपोआप वर उडते. अशा वेळी इंजिन उघडण्यावाचून इलाज नसतो. रिंगा, बोअरिंग, हाफ इंजिन की फुल इंजिन, ज्याची त्याची ऐपत. पण हाताला वारा नसेल तर धूर कितीही असला तरी भावोजी इंजिन उघडू देत नसत. "आधी दुसरं काय ते शोधू," म्हणायचे. इंजिन उघडलं की टॅक्सी आठ दिवस उभी, आणि आठ दिवस टॅक्सी उभी म्हणजे त्या घरात काय होत असेल ते त्यांना माहीत होतं. सगळेच मेकॅनिक असे नसतात, हे वाचणाऱ्यांना मी सांगायला नको.

भाच्याचा धुराचा व्हिडिओ मी आमच्या इथल्या एका गॅरेजवाल्यालाही दाखवला. बोनकोडे गावठाणातल्या गल्ल्यांत आता भातखाचरं नाहीत, सिडको आल्यानंतर ती गेली, पण बुलेट मात्र दर घराआड एक आहे, आणि त्या सगळ्या या मुलाच्या हाताखालून जातात. पोर्शे त्याने कधी उघडलेली नाही, तसं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मग व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाला, "बाई, त्याला आधी तेलाचं झाकण उघडून बघायला सांगा." मला इतकं बरं वाटलं! भावोजींना ओळखत नसलेला, त्यांच्या नातवाच्या वयाचा मुलगा, आणि वाक्य तेच. त्याने मला जुन्या बुलेटची एक नळीही दाखवली. चेंबरमधला वारा बाहेर सोडणारी नळी, तिच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं चपटं रबर. आतला वारा बाहेर जाताना चोच उघडते, बाहेरचा आत येऊ लागला की मिटते. पाच पैशांची वस्तू पण तिच्यावाचून इंजिन तेल ओकतं.

तर भाच्याला फोन केला. म्हटलं, झाकण उघड आणि हात धर. तो हसला. "मावशी, बाबांची आठवण आली ना?" आणि गेला खाली. (बॉक्सस्टरचं तेलाचं झाकण मागच्या डिकीत, कोपऱ्यात असतं. इंजिन दिसत नसलं तरी तेवढी एक खिडकी ठेवलेली आहे.)

आता गंमत पाहा. इंजिन स्लोमध्ये चालू असताना ते झाकण निघेचना. आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर सूंऽऽ असा आवाज करत निघालं, आणि इंजिन बंद पडायला आलं. त्याने भोकावर हात धरला तर वारा बाहेर येण्याऐवजी तळहातच आत ओढला जायला लागला!

फियाटच्या बरोबर उलट. रिंगा गेल्या असत्या तर दाब बाहेर आला असता. इथे चेंबरमध्ये प्रचंड ओढ होती. म्हणजे धूर तोच, झाकण तेच, पण रोग दुसरा.

तो रोग समजून घ्यायला मला चार दिवस लागले आणि शेवटी तो समजला तो माझ्याच स्वयंपाकघरात. आमच्या शेगडीवर विजेची चिमणी आहे. फोडणीचा धूर ती वर ओढते, पण सरळ नाही. आत वाकड्यातिकड्या पत्र्यांची जाळी आहे. हवा हलकी, ती वळणं घेत निघून जाते. तेलाचे कण जड, त्यांना वळण जमत नाही, ते पत्र्यावर आपटतात, चिकटतात आणि ओघळून खालच्या वाटीत जमतात. दर पंधरा दिवसांनी ती वाटी धुताना मी नाक मुरडते. तर भाच्याच्या गाडीत याच कामाचं एक प्लॅस्टिकचं भांडं आहे, साधारण तांब्याएवढं. त्याला 'एअर-ऑइल सेपरेटर' म्हणतात. चेंबरमधून निसटलेल्या वायूबरोबर तेलाचे बारीक थेंब येतात. हे भांडं त्यांना गरगर फिरवून भिंतीवर फेकतं, तेल परत चेंबरमध्ये जातं, आणि उरलेला वायू इंजिन स्वतःच श्वासाबरोबर ओढून जाळून टाकतं.

पण इंजिनाचा श्वास जबरदस्त असतो. तो थेट चेंबरला जोडला तर तेलासकट सगळं ओढून घेईल. म्हणून मध्ये एक रबरी पडदा आणि स्प्रिंग असते. कुकरची शिटी जशी आतला दाब एका मर्यादेत ठेवते तसा हा पडदा ओढ मर्यादेत ठेवतो. पडदा फाटला की मर्यादा संपली. ओढ वाढते, तेल श्वासाच्या वाटेने सिलिंडरमध्ये जातं आणि जळतं, शेजारच्या बाई आग आग म्हणून बाहेर येतात. यात गाडी बनवणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. गरम तेलाच्या वाफेत वर्षानुवर्षं राहिलेलं रबर आहे, ते कधीतरी विटणारच.

हा वायू परत इंजिनालाच पाजायची कल्पना कुठून आली याचीही एक गोष्ट आहे. (इतिहास शिकवलेल्या बाईला एवढं माफ करा.) पूर्वी सगळ्या गाड्या तो सरळ एका नळीतून रस्त्यावर सोडत. मग लॉस एंजेलिस शहरावर पिवळट धुरकं साचायला लागलं, लोकांचे डोळे चुरचुरायला लागले. १९५० च्या सुमाराला तिथले प्राध्यापक हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं की हे धुरकं गाड्यांच्या आणि तेलउद्योगाच्या वायूंवर ऊन पडून होतं. नंतर लक्षात आलं की गाडीच्या न जळलेल्या इंधनातला बराच मोठा वाटा नुसता त्या चेंबरच्या नळीतून जातो. म्हणून १९६१ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांना ती नळी परत इंजिनात वळवायची व्यवस्था आली. गाड्यांच्या प्रदूषणावरचा हा अगदी पहिल्या उपायांपैकी एक. कुर्ल्याच्या त्या पत्र्याखाली भावोजींनी किती वर्षं हा वायू छातीत भरून घेतला असेल, असं हे वाचताना मनात आलं. असो.

आता नुसत्या तळहातावर अमेरिकेत कोण विश्वास ठेवणार? भाच्याने मोजायचं ठरवलं. पारदर्शक नळी आणली, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बसवली, निम्मी पाण्याने भरली. पाणी दिसावं म्हणून ताईने त्यात हळद घातली (भंगारात दे म्हणणारी हीच!). नळीचं एक टोक तेलाच्या झाकणाला भोक पाडून जोडलं. शाळेच्या प्रयोगशाळेतलं तेच दाबमापक. असं इंजिन निरोगी असेल तर दोन बाजूंच्या पाण्यात साधारण चार ते सहा इंचांचा फरक पडतो. इथे हळदीचं पाणी दहा इंचांच्या पुढे चढलं आणि पट्टी संपली. मग त्याने सिलिंडरांचं कॉम्प्रेशनही मोजून घेतलं. सहाही जवळजवळ सारखे. इंजिन धडधाकट होतं.

तरी उशीर करून चालण्यासारखं नव्हतं. तेल जास्तच ओढलं गेलं आणि एखाद्या सिलिंडरमध्ये साठलं तर दट्ट्या वर येताना त्याला दाबू शकत नाही. वायू दाबला जातो, द्रव दाबला जात नाही, सातवीतलं विज्ञान. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वर्कशॉपवाल्यांचं म्हणणं खरं व्हायला वेळ लागत नाही. शिवाय तेलाच्या धुराने सायलेन्सरच्या अलीकडचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो तो वेगळाच. भाच्याने गाडी सुरू करणंच बंद केलं.

मग प्रश्न आला कुठला सेपरेटर बसवायचा. मूळचा तसाच अडीचशे डॉलरच्या आत-बाहेर मिळत होता. दुसरा, पोर्शेच्या शर्यतींच्या गाड्यांसाठी केलेला, जास्त मोठा, हजार डॉलरच्या वर. तिसरी सूचना मित्रांची, की वाटेत एक वेगळा डबा बसव, त्यात तेल साठेल, ते अधूनमधून ओतून टाकायचं. भाच्याचा ओढा अर्थातच शर्यतीच्या भांड्याकडे. न्यू जर्सीत मिलव्हिल गावाजवळ शर्यतीचा ट्रॅक आहे, तिथे हा वर्षातून एखादा दिवस स्वतःची गाडी घेऊन जातो. लांबलचक वळणावर जोरात गेलं की आडव्या इंजिनातलं तेल एका बाजूला लोटतं आणि सेपरेटरच्या तोंडाशी येतं. तिथे साधं भांडं पुरं पडत नाही. हे कारण मला पटलं, खोटं कशाला सांगू.

पण मी त्याला विचारलं, वर्षातले बाकीचे ३६४ दिवस तू कुठे जातोस? ऑफिसला, भाजीला आणि आईला डॉक्टरकडे न्यायला (तेही दुसऱ्या गाडीतून). शिवाय बिघाड झालाय पडद्यात. भांडं लहान पडल्याने काही बिघडलेलं नाही. डब्याचं तर त्यानेच खोडून काढलं. न्यू जर्सीच्या थंडीत वायूबरोबर पाण्याची वाफही येते, तेलात मिसळून डब्यात ताकासारखा पांढरा लगदा होतो, आणि तो गोठला की नळी बंद. नळी बंद झाली तर दाबाला वाट कुठे? तो तेलाची सीलं फोडून बाहेर येणार. इथे नवी मुंबईत तो डबा कदाचित चालला असता, तिथे नाही.

दोन दिवस घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की आत्ता मूळ पद्धतीचाच, कंपनीच्या सुधारित आवृत्तीचा सेपरेटर घालायचा, त्याच्या खालची घडीची रबरी नळीही नवी घ्यायची, कारण ती जुनी काढताना तुटतेच. आणि ट्रॅकवर जायचं असेल तर त्याआधी मोठं भांडं. तोपर्यंत ट्रॅक बंद. ही शेवटची अट माझी. त्याने ती मान्य केली हे मी ताईला लगेच कळवलं, बदलू नये म्हणून.

काम एका शनिवारी झालं. तिथली सकाळ, इथे संध्याकाळचे साडेसात. फोन गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलेला आणि मी इथे मेथी निवडत बसलेली. छप्पर अर्धवट उभं करून सीटांमागचा गालिचा आणि त्याखालचं झाकण काढलं, गाडी घोड्यांवर चढवली, कारण थोडं काम वरून आणि थोडं खालून करावं लागतं. सेपरेटर इंजिनाच्या वरच्या अंगाला अशा जागी बसवलाय की एका वेळी एकच हात जातो, आणि तो हात गेला की डोळ्यांना काही दिसत नाही. वरचे बोल्ट अर्ध्या तासात निघाले. खालच्या नळीच्या एका क्लिपेने अडीच तास घेतले. मधल्या काळात इकडे माझी भाजी होऊन जेवणंही झाली. क्लिप काढताना भाच्याने जे शब्द वापरले ते शुद्ध कुर्ल्याचे होते. तीस वर्षं अमेरिकेत राहून एकही विसरलेला नाही! ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जुनं भांडं हातात आलं ते तेलाने जड झालेलं. हवा आत घेणाऱ्या नळ्यांतही तेलाचं थारोळं होतं, ते चिंध्यांनी पुसून काढलं, थ्रॉटल बॉडी धुतली. मग नवा सेपरेटर, नवी नळी, सगळ्या क्लिपा पुन्हा तपासून झाल्या, आणि चावी फिरवली.

पुन्हा धूर!

ताई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला फोनमध्ये स्पष्ट दिसला. भाच्याने मात्र गाडी चालू ठेवली. पुसता न आलेलं तेल आत असणारच, ते जळायला हवं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. धूर पातळ होत गेला, मग थांबला. त्याने तेलाचं झाकण उघडलं, ते सहज निघालं. भोकावर हात धरला आणि फोनकडे बघून मान डोलावली. चांगल्या इंजिनात किंचित ओढ असते, तेवढीच. नंतर हळदीच्या नळीने मोजलं ते पाच इंच भरलं, पण तोपर्यंत मला कळलेलंच होतं.

जुना सेपरेटर त्याने करवतीने कापून पाहिला आणि फोटो पाठवला. पडद्याला कडेने चीर गेली होती, करंगळीच्या नखाएवढी असेल. तो फोटो मी आमच्या गॅरेजवाल्याला दाखवला. त्याने तो मोठा करून पाहिला आणि समोरच्या बुलेटच्या नळीकडे बोट दाखवून म्हणाला, "हेच ना बाई, फक्त महाग."

गाडी तेव्हापासून नीट चालते आहे. भाचा दर महिन्याला तेलाची पातळी मला कळवतो, मी न विचारता. ताई अजून त्या गाडीत बसलेली नाही. फार खाली वाकून बसावं लागतं, गुडघे परत उठू देत नाहीत, म्हणते.